तांबडीची सात दिवसांची शिक्षा

कोंबड्यांना गिरणीचे नियम लागू होतात असं मानणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो नाहूरला आमच्या बैठ्या चाळीत, आमच्या खोलीच्या मागच्या बाजूला राहायचा. सगळी चाळ त्यांना मामा म्हणे. मामा गिरणीत जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या पंचवीस-तीस माणसांकडून काम करून घेणारे. गिरणीला टाळं लागलं आणि त्यांच्या हाताखाली कोणी उरलं नाही. मग त्यांनी मागच्या अंगणात खुराडं बांधलं, दहा कोंबड्या नि एक कोंबडा आणला आणि पुन्हा जॉबर झाले.

एका जागी दाणे टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. दांडग्या खातात नि गरीब बघत राहतात, म्हणून तीन कोपऱ्यांत तीन पोचे आलेल्या परातींमध्ये कणी. नवी कोंबडी आली की ती 'बदली', म्हणजे गिरणीतल्या हंगामी कामगारासारखी. तिने दोन दिवस जाळीआडून इतरांचं काम बघायचं, मगच आत जायचं. कोंबडा अंगावर आला तर पळायचं नाही. त्याला उचलून काखोटीला मारायचं आणि त्याची रग जिरेपर्यंत तसंच हिंडायचं. असा कोंबडा काखेत घेऊन मामा नळाच्या रांगेत उभे राहत, वाण्याकडे जात. एकदा ते आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादालाही तसेच आले. "खाली ठेवा की त्याला," आई म्हणाली. "शिक्षा संपूक अजून पाव तास आसा," असं म्हणून मामांनी उजवा हात पुढे केला. आईने मुकाट्याने शिरा वाढला.

कळपाची मुकादमीण होती एक तांबडी कोंबडी. दुसरीने परातीकडे मान नेली रे नेली की हिने चोच मारलीच. एकदा तिने पांढरीच्या पाठीतून रक्त काढलं. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचायला लागतात. मामांनी पांढरीला हळद लावली आणि तांबडीला सस्पेंड केलं. सात दिवस, पडवीत, डालग्याखाली, कोणाची सावलीही दिसणार नाही अशी.

तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "पुरे झाला. सोडा तिका."

"गिरणीत सात दिवसांचो नेम होतो," मामा म्हणाले.

आठव्या दिवशी तांबडी अंगणात आली, ऐटीत परातीकडे गेली, आणि पांढरीनेच तिला पहिली चोच मारली. मग सगळ्यांनी. तिन्ही परातींवरून तिला हाकललं. तिने एकदाही उलटून चोच उगारली नाही. खुराड्यामागे मान आत ओढून बसली आणि खाणंच सोडलं. मामा तिला मांडीवर घेऊन कणी भरवू बघत, पण ती चोच उघडेना. मी म्हटलं, "मामा, ही काही जगत नाही."

मामा बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या खात्यात एक गडी होतो. मारामारी केल्यान म्हणान मियाच सात दिवस घरी बसयलंय तेका. परत इलो तो कोणाशी बोलाक नाय, डबो एकटोच खाय. माका वाटला, सुधारलो."



कोणाकोणाला विचारून मामांनी त्या गड्याचा पत्ता काढला. तो कांदिवलीला राहत होता. दाराशी थोडी मोकळी जागा होती, कोंबड्या मात्र नव्हत्या. रविवारी मामा तांबडीला पिशवीत घालून तिकडे गेले आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परतले.

"थंय तिका टोचूक कोण नाय," ते म्हणाले. "मूठभर तांदूळ खाल्ल्यान."

"आणि तो माणूस?"

"माका खुर्ची दिल्यान. तो मात्र उभोच रवलो. बस बस म्हटलंय, तरी बसलो नाय." मामा उंबऱ्यावर टेकले. इतका थकलेला माणूस मी गिरणी बंद पडली तेव्हाही पाहिला नव्हता, आणि मला त्यांची फार दया आली.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच कोंबडीला शिक्षा केली नाही. महिन्यातून एक रविवार मात्र ते कांदिवलीला जात. तांबडीला बघायला, असं मामींना सांगत. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी ते परतले आणि घरात न जाता सरळ आमच्या दाराशी आले.

"आज तो माझ्या बाजूक बसलो," म्हणाले.