उभ्या वकीलबाई

आमच्या वकीलबाईंना मी खुर्चीत टेकलेलं फारसं पाहिलं नाही. मंगरूळपीरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या सतत येरझाऱ्या चालायच्या. काखेत फायली, हातात गार होत चाललेला चहा. त्यांच्याशी बोलायचं तर सोबत चालावं लागे. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांना सरकारतर्फे मोफत वकील मिळतात, त्यातल्या त्या एक. आम्ही बायका त्यांना ‘उभ्या बाई’ म्हणायचो.

नवरा गेल्यावर मी आठवडाभर माहेरी गेले. परत आले तर दिरानं घराला स्वतःचं कुलूप घातलेलं. माझे कपडे, भांडी, शिलाई मशीन, सगळं आत. शेजारणीनं बाईंकडे धाडलं. माझं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुले तिथं राह्याचं हाय का? मनापासून सांग. मंग मी थांबणार नाई.”

त्या थांबल्याही नाहीत. पण कोर्ट थांबायचं. दिराचा वकील दर वेळी पुढची तारीख मागे. बाई तावातावानं बाहेर येत. “बाई रस्त्यावर हाय, अन् या लोकायले आनखी वेळ पायजे,” असं म्हणत पुन्हा फेऱ्या सुरू. मी भावाकडे जऊळक्याला राहत होते. वहिनी बोलत नसे काही, पण माझ्या ताटलीचा आवाज मलाच मोठा वाटायचा.

शेवटी, निकाल लागेपर्यंत मला घरात राहू द्यावं, असा आदेश निघाला. तरी दीर कुलूप काढेना. “फुकटची वकील काय करते?” असं तो गावभर सांगत होता. बाईंनी कोर्टातून पोलिसांची मदत मागितली आणि शिपायासोबत स्वतः एसटीनं गावात आल्या. अर्धी गल्ली जमली.

दीर म्हणाला, “घरातलं भांडन हाय, बाई. तुमी कायले मंधात पडता?”

“मी मंधात नाई पडून राह्यली,” त्या म्हणाल्या, “मी तिच्या बाजूनं आली.”

त्यानं किल्ली फेकली. आत धुळीचा वास, मशीनचा पट्टा उंदरांनी कुरतडलेला. मी रडायला लागले. बाईंनी खिडक्या उघडल्या, नळ सोडून पाहिला, मागच्या दाराची कडी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, “भेव वाटलं तं फोन कर. पन घर सोडू नोको.”

मी सोडलं नाही. खटला मात्र रेंगाळत राहिला, आणि निकालाआधीच बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका. नव्या वकिलानं उरलेलं काम पाहिलं. यंदा निकाल माझ्या बाजूनं लागला. मला त्या घरातून कोणी काढू शकत नाही.

पेढे घेऊन मी बाईंच्या घरी गेले. त्यांच्या मुलीनं ते फोटोपुढे ठेवले. आम्ही दोघी बसलो होतो, तेवढ्यात दारात एक बाई चपला काढू लागली. कडेवर लेकरू, ओठ फुटलेला.

“वकीलबाई हायेत का?”

मी उठले, लेकराला घेतलं.

“वकीलबाई नाईत आता,” मी म्हणाले. “चाल, मी येतो तुह्यासंग कोर्टात.”