कणगीतला कापूस

माझं लग्न कापसामुळे मोडलं. तेही ठरण्याआधीच!

त्या वर्षी बाबांनी ज्वारीच्या वावरातही पऱ्हाटी लावली. "कापूस इकू अन् ज्वारी घेऊ," म्हणाले. भाव पडला. कापूस घरात, ज्वारी बाजारात आणि आम्ही रेशनच्या रांगेत! तिथं अमेरिकेहून बोटीनं आलेला लाल गहू मिळायचा. त्याची पोळी ताणली की लांबायची, सोडली की पुन्हा जागेवर यायची. (माय म्हणे, "याचा दोर वळा अन् बैल बांधा!")

अशात राळेगावकडून कुसुमचे वडील घर बघायला येणार असा निरोप आला. मुलगी बघायला गेलो तेव्हाच कुसुम मला इतकी आवडली होती की तिच्यासाठी मी लाल गहूही जन्मभर खाल्ला असता. पण आमच्याकडे मुलगी देणारा माणूस आधी कणगीत धान्य किती ते बघतो. आमच्या कणगीत उंदीरही थांबत नव्हता.

"काहून भेतं रे?" बाबा म्हणाले. "खाली कापूस कोंबू, वरून ज्वारी पसरू."

शेजारच्या काकूंकडून ज्वारी उसनी आणली. कापूस मीच पायानं दाबून भरला. वर गोणपाट, त्यावर ज्वारी. कणगी तुडुंब!

पाहुणे पाणी प्याले आणि थेट कणगीपाशी गेले.

"वा! दाना लय टपोरा हाये!"

"घरचीच ज्वारी!" बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी मूठ भरायला हात घातला. गोणपाट सरकलं, हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो फुटलेल्या बोंडासारखा! (काकूंची ज्वारी आम्ही पुढे कित्येक दिवस कापसातून वेचत होतो.)

"ते... ज्वारीले थंडी लागू नये म्हनून!" बाबा म्हणाले.

पाहुणे हसले नाहीत. बाहीवरचा कापूस काढत म्हणाले, "माह्या घरी बी हेच हाये जी. पोरगी तोच लाल गहू खाऊन राह्यली. म्हटलं, इथं तरी तिले भाकर भेटंन."

ते गेले. मला त्यांचा राग आला नाही. जमीन आमची, घाम आमचा आणि पोळी सातासमुद्रापलीकडची, याचा मात्र फार आला.

उन्हाळ्यात कुसुमचं लग्न झालं. आमच्याच गावच्या रेशन दुकानदाराशी! जायचं, पण अन्नाला शिवायचं नाही, असं मी ठरवलं. पानात पोळी पडली. नवरदेवाकडून आलेल्या देशी गव्हाची, पांढरी, मऊ!

"घ्या ना जी!" नवरदेव स्वतः आग्रह करत होता.

मी ठामपणे नाही म्हणालो. पाचव्या पोळीनंतर!