पाटलाची म्हैस

पोपटराव शेंडग्यांची जीभ त्यांच्या बसपेक्षा जोरात पळायची. दोन हजार अठरा साली ते कतारमध्ये इंडस्ट्रियल एरियातून अल खोरच्या वर्ल्ड कपसाठी बांधल्या जाणाऱ्या स्टेडियमवर कामगार नेत आणि पुढच्या सीटवरच्या सेफ्टी ऑफिसर खुमालोला मोडक्या इंग्रजीत आपल्या आटपाडी गावचं कौतुक ऐकवत. खुमालो दक्षिण आफ्रिकेतला झुलू. लहर लागली की आपल्या पूर्वजांची नावं खड्या आवाजात म्हणायचा.

"आमचं घराणं तुमच्याहून जुनं," पोपटराव एकदा बोलून गेले.

"मग शुक्रवारी म्हणून दाखव," खुमालो म्हणाला. अख्ख्या बसनं ऐकलं.

झाली पंचाईत! पोपटरावांना पणजोबांच्या मागचं कुणी ठाऊक नव्हतं. इज्जतीचा प्रश्न. त्यांनी हेळव्याला फोन लावला. घराण्यांच्या वंशावळी वहीत बाळगून दारोदार फिरणारा हा माणूस. त्यानं घडाघडा नऊ पिढ्या वाचल्या आणि खाकरला.

"मूळपुरुष रंगनाथ, बायको सगुणा. पाटलाची म्हैस घेऊन आटपाडीला पळून आले."

"म्हैस गाळा की ओ!"

"वहीतलं गाळता येत न्हाय. बरं, तुमच्या नावापुढं काय लिवू?"

"शुक्रवार हू द्या, मग सांगतो." पोपटरावांनी मनातल्या मनात म्हैस काढून तलवार घातली.

शुक्रवारी कॅम्पच्या मेसमध्ये ही गर्दी. आधी खुमालो उठला. "आमचं रान उम्फोलोझी नदीकाठी. आमचा मझिलिकाझी शाकाराजाचा सरदार. लढाईत जिंकलेली गुरं राजाला दिलीच नाहीत! राजाची फौज आली, तसा माणसं घेऊन उत्तरेला गेला, नवं राज्य केलं!" मग कुळाचं बिरुद गरजला: "गप्पांत गुंगवून माणूस खाणारे आम्ही!"

पोपटराव चाट पडले. हा पठ्ठ्या गुरं दाबल्याचं छाती फुगवून सांगतोय, आणि आपण एका म्हशीला लाजतोय? तलवार गेली खड्ड्यात. नवव्या पिढीला ते ओरडलेच, "रंगनाथ! पाटलाची म्हैस घेऊन पळाला!"

मेसनं छप्पर डोक्यावर घेतलं. खुमालोनं त्यांना मिठीच मारली. "अरे, आपण भाऊ निघालो!"

त्याच तोऱ्यात त्यांनी बायकोला, हौसाबाईला, फोन केला. "हेळव्याला सांग, माझ्यापुढं लिव म्हणावं, कतार गाजवलं."

"सांगते की," हौसाबाई म्हणाली. "पर रंगनाथानं म्हशीसंगं बायकोबी नेली हुती."

पोपटरावांचा तोरा तिथंच उतरला. तिची फार आठवण आली.

"मग जागा कोरीच ठेव म्हणावं," ते म्हणाले. "वर्ल्ड कप गेला उडत. दिवाळीला येतो, मग दोघं मिळून ठरवू."