वाढत्या अंगाचे कपडे

"त्या ड्रेसच्या आत कोणी आहे का गं?"

ऑफिसच्या बाथरूममध्ये मी कडी लावून आत होते आणि बाहेर बेसिनपाशी आमची टेलिफोन ऑपरेटर विचारत होती. कोणाबद्दल, हे सांगायची गरज नव्हती. त्या मजल्यावर पंजाबी ड्रेस घालणारी मी एकटीच. बाकी सगळ्या साडीतल्या.

"खांदे बघितलेस? कोपराला भेटायला निघालेत," अकाउंट्समधली म्हणाली.

"आणि साहेब हिला बाहेर बसवणार म्हणे. इंग्लिश झकास आहे ना! पाहुणा येईल आणि विचारेल, बाळा, आई कुठे गेली?"

दोघी हसल्या, नळ बंद झाला, चपला वाजत गेल्या. मी आतच शंभरपर्यंत मोजलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

अंधेरीला, इंडस्ट्रियल एरियात, पंप बनवणारी ती कंपनी. मी मागे गोडाऊनला लागून असलेल्या खोलीत पत्रं टाइप करायची. साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून मला रिसेप्शनला बसवून बघतील. नाही जमलं तर परत मागे. 'बसवून बघतील' यातलं बघणं कसलं असेल, ते मला बाथरूममध्ये कळलं. ऑपरेटरचा मला तेव्हा राग आला, अजूनही येतो. पण ती खोटं बोलत नव्हती, हे त्या रागातलं सगळ्यात वाईट.

खांदे का उतरले होते, त्याची गोष्ट आमच्या मुलुंडच्या घरातली. आईने लग्न होऊन आल्या आल्या सगळ्यांच्या कपड्यांचं खातं आत्याच्या हवाली केलं होतं आणि आत्याने ते शेवटपर्यंत सोडलं नाही. दिवाळीला एकाच ताग्यातून माझा फ्रॉक, चुलत बहिणीचा फ्रॉक आणि उरलेल्यातून उशांचे अभ्रे. शिवताना शिंपी मास्तरांना एकच हुकूम: "वाढत्या अंगाचं ठेवा." म्हणजे खांदा दोन बोटं पुढे, बाही मनगटाखाली आणि शिलाईच्या आत दोन्हीकडे चांगलं चार बोटं कापड दाबलेलं. दर वर्षी ते उसवायचं. उसवलं की आतलं न विटलेलं कापड बाहेर यायचं आणि बगलेपासून खालपर्यंत एक गडद पट्टा दिसायचा. युनिफॉर्मचंही तेच; शाळेतल्या मुली माझे पट्टे मोजायच्या. ज्या शाळेत सगळे इंग्रजीत हसायचे, त्या शाळेत मला घालायचा हट्टही आत्याचाच. तिथून मी चांगलं इंग्रजी आणि तोंड बंद ठेवायची सवय, दोन्ही घेऊन आले.

अंग वाढायचं सोळाव्या वर्षीच थांबलं होतं. हुकूम थांबला नाही.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटल्यावर मी कोणाला न सांगता घाटकोपरला उतरले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी कापड घ्यायला. दुकानदार गादीवरून मला बघून म्हणाला, "बोल बेबी. मम्मी मागून येते का?" मी मान हलवली. होकार की नकार, ते त्यालाही कळलं नसावं. त्याने एकामागून एक तागे फेकायला सुरुवात केली. गुलाबी, फुलाफुलांचं, मोरपंखी. माझ्यासमोर कापडाचा ढीग झाला. एवढं उलगडल्यावर न घेता उठायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी एका करड्या कापडावर बोट ठेवलं आणि सुटले.

घरी येऊन खिडकीपाशी पुडकं सोडलं तर कापड जांभळं होतं. फिकट, शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखं.

आत्याने ते दोन बोटांत धरून उचललं. "ट्यूबलाइटखाली कापड घेतं का कोणी? एवढं शिकवलं आम्ही तुला. दाराशी न्यायचं, उजेडात बघायचं. मुठीत चुरगळायचं, चुरगळलेलं राहिलं तर परत करायचं. पन्हा विचारलास, कापड किती रुंद ते? नाही विचारलास. छान. आता याचे अभ्रे होतील."

आणि झालेही. पुढची दोन वर्षं मी त्या उशीवर झोपले.

पण त्या बोलण्यात तिने मला, नकळत, आणि प्रेमाने तर मुळीच नाही, सगळं सांगून टाकलं होतं. इतकी वर्षं ती दुकानात काय करते, ते मी बघत होते. लक्ष मात्र तिच्या मोठ्या आवाजाकडे आणि माझ्या लाजेकडे असायचं. हात काय करतात, ते बघितलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्याच दुकानात गेले. "आली बेबी," तो म्हणाला. ढीग व्हायच्या आत मी कपाटातल्या एका गडद हिरव्या ताग्याकडे बोट केलं. सुती, बारीक उभ्या रेघा. तागा खाली येताच उचलला आणि दाराकडे चालू लागले.

"ओ बेबी, ताका बाहेर नको ना!"

मी पायरी उतरले.  उन्हात हिरवा हिरवाच राहिला. मूठ आवळली, सोडली. सुरकुती पडली आणि लगेच सुटली. पन्हा विचारला, तो माझ्या तोंडून निघालेला दुकानातला पहिला शब्द. दुसरं काही उलगडू दिलं नाही. एकाच ड्रेसचं कापड घेतलं, चांगलं.

घरी आत्याने ते खिडकीत नेलं, चुरगळलं, उलट बाजू बघितली. दोष सापडला नाही, याचाच तिला त्रास झाला. "रंग म्हातारीचा आहे," म्हणाली आणि चपला घातल्या. "चल मास्तरांकडे. तुझं एकटीचं ते ऐकणार नाहीत."

मास्तरांचं दुकान स्टेशनजवळ, जिन्याखाली. पंधरा वर्षं ते माझं माप घेत होते आणि पंधरा वर्षं आत्याशी बोलत होते. आताही टेप माझ्या खांद्यावर लावून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"नेहमीसारखं ना, बाई? ढगळ?"

"वाढत्या अंगाचं. खांदा दोन बोटं पुढे घ्या. आत कापड भरपूर ठेवा, उद्या लग्न झालं की पोरी सुटतात."

मास्तर हसले आणि वहीत लिहायला लागले. टेप अजून माझ्या खांद्यावर होता. त्याचं पितळी टोक जिथे लोंबत होतं, तिथे माझा खांदा नव्हता. तो दोन बोटं अलीकडे होता. मी टेपचं टोक उचललं आणि खांद्याच्या हाडावर आणून दाबून धरलं. मास्तरांची पेन्सिल थांबली.

"हे काय आता?" आत्या म्हणाली.

"खांदा इथे आहे, मास्तर," मी म्हणाले. आवाज फाटला, पण थांबले नाही. "इथलंच माप लिहा. आणि आत जास्तीचं कापड ठेवू नका. माझी वाढ झालीय."