यादीतला दुसरा डबा

नवऱ्याच्या केमोच्या दिवशी धरमपेठेतल्या घरून हॉस्पिटलला निघताना माझी यादी ठरलेली असे: फाइल, रिपोर्ट, उलटीची गोळी, मऊ खिचडीचा डबा, कोमट पाणी. फोनवर सगळे “ते कसे आहेत?” एवढंच विचारत. मी ताप, वजन, झोप क्रमाने सांगून फोन ठेवत असे.

चौथ्या केमोला त्यांना सलाइन लागल्यावर मी बाहेरच्या बाकावर यादीची वही काढून बसले. शेजारी सासूला घेऊन खेड्यातून आलेली एक बाई होती. ती वहीत डोकावली.

“एवढं सारं लिहून राहिल्या, ताई. तुमचं जेवण कुठी हाय यात?”

“घरी गेल्यावर जेवते.”

“अन् तुम्हीच चक्कर येऊन पडल्या, तर त्याइले कोण पाहीन? वही?”

तिने अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. माझे डोळे भरले, ते ठेच्याने, असं मी म्हणाले.

“हो ना,” ती हसली, “माह्याही डोळ्यात रोज जाते तो.”

पाचव्या केमोला मी यादीत माझाही डबा लिहिला आणि तिच्यासाठी दोन पोळ्या जास्त घातल्या. ती आली नाही. तिच्या सासूची तारीख वेगळी असेल, असं मी धरून चालले. दोन वाजता त्याच बाकावर एकटीच जेवले आणि वहीत माझ्या डब्याच्या ओळीपुढे खूण केली. तिच्या पोळ्या तशाच राहू दिल्या.