शाश्वत म्हणजे परमनंट का, मॅडम?

मराठवाड्यात जायचं ठरलं ते एका फोनवर. माझी कॉलेजातली मैत्रीण नीलिमा चाकूरजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "तुझी नोकरी संपली, पोरं परदेशी गेली. घरात बसून नवऱ्याला सल्ले देण्यापेक्षा इकडे ये आणि आमच्या दहावीच्या पोरांना दे." विषय होता 'शाश्वत विकास आणि करिअरची तयारी'. मुलं बेताच्या घरची, दहावीनंतर काय याचं उत्तर बहुतेकांकडे नाही. एक शिबिर तिच्या शाळेत, दुसरं पार किनवट तालुक्यात, इस्लापूरला. मी आयुष्यभर विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं आहे आणि सल्ला द्यायला मला आग्रह लागत नाही. नवऱ्याने माळ्यावरून बॅग काढून दिली, जरा जास्तच तत्परतेने.

पुण्याहून लातूरला रेल्वे आहे, पण मला खिडकीतून रस्ता बघत जायला आवडतं, म्हणून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेव्हा मैत्रिणींनो, बिनधास्त निघा. फक्त कमरेशी एक उशी ठेवा. लातूरला पोचल्यावर दोन गोष्टी लगेच जाणवतात. एक म्हणजे तुरीचा हंगाम असल्यामुळे डाळ मिलच्या बाजूला हवेत तरंगणारा पिवळसर भुसा. दुसरी म्हणजे क्लासेसचे फलक. मान वर केली की डॉक्टर होणारी पोरं रांगेने हसताना दिसतात. स्टँडजवळ सकाळी सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून केलेला हा प्रकार पोह्यांचा मावसभाऊ म्हणायला हरकत नाही. वर शेव, बाजूला कडक चहा, आणि बिल इतकं कमी की मी दोनदा विचारलं.

चाकूरपर्यंत तासाभराचा रस्ता, पुढे नीलिमाच्या स्कूटरवर शाळा. पहिल्या दिवशी मी फॉर्मात होते. स्वतःची ओळख कशी करून द्यायची, फोनवर कसं बोलायचं, सौर पंपापासून पाणी-कचऱ्यापर्यंत कोणती नवी कामं येताहेत, सगळं झालं. नांदेडला सोलर बसवणं आणि दुरुस्त करणं शिकवणारा एक वर्षाचा कोर्स आहे, मुलींना वसतिगृहही आहे, हे सांगितल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी सरळ होऊन बसली. तिचं नाव सुजाता. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, आणि प्रश्न विचारताना भांडायला उठल्यासारखा आवाज.

"मॅडम, तुमी सारखं शाश्वत शाश्वत म्हणायलात. शाश्वत म्हणजे परमनंट का?"

वर्ग हसला, मीही हसले. घंटा व्हायला आली होती. "हो गं, तसंच काहीसं," म्हणाले आणि फळा पुसला. माझ्या मते विषय तिथे संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात एक गृहस्थ उभे. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्यात मिठाईचा डबा. मागे सुजाता, खाली मान घालून.

"जय भीम, मॅडम. म्या सुजाताचा बाप, गौतम."

"जय भीम, दादा. या, बसा ना."

ते बसले नाहीत. नीलिमाने ओळख करून दिली. गौतमदादा गावाला पाणी सोडतात. टाकी भरली की कुठल्या गल्लीचा वॉल्व्ह आज उघडायचा ते यांच्या हातात. गावाच्या शिव्याही त्यांनाच. पुढच्या वर्षी परमनंट करू, असं त्यांना कितीतरी वर्षं सांगितलं जातंय.

"पोरगी म्हणली, नांदेडचा कोर्स केला की परमनंट लागती. शाश्वत का काय ते. खुद्द पुण्याच्या मॅडमनं सांगितलं म्हणली." त्यांनी डबा पुढे केला. "मी आधी न्हाई म्हणलो हुतो. पर परमनंट असंल तर एक वर्स काय, दोन वर्स धाडतो. पेढे घ्या."

मी सुजाताकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच हात जोडले. तिला दोन्ही शब्दांतला फरक कळला नव्हता, असं मला आजही वाटत नाही.

डबा घेतला असता तर पोरगी नांदेडला जाणार होती. एवढं साधं होतं. पण या माणसाच्या तोंडावर 'परमनंट' या शब्दाला हो म्हणणं माझ्याच्याने झालं नाही.

"दादा, माझी चूक झाली. घाईत मी भलतंच बोलले. शाश्वत म्हणजे परमनंट नव्हे. हा कोर्स चांगला आहे, हाताला काम मिळेल. पण ते सरकारी नाही, कायमचं नाही. आज इथे, उद्या दुसरीकडे."

त्यांनी डबा हळूच पिशवीत परत ठेवला.

"मग शाश्वत म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"जे उद्याही पुरेल... म्हणजे आज वापरताना उद्याचा विचार..." माझी गाडी अडखळली. ते पुरतं ऐकून घ्यायला थांबले, कारण माणूस सभ्य होता.

"बरंय. इचार करतो," म्हणून ते फाटकाबाहेर गेले.

सुजाता गेली नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तोच. "तुमीच म्हणल्या ना तसंच काहीसं म्हून! मग गप बसायला काय झालतं?"

संध्याकाळी नीलिमाने ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, आमटी वाढली, आणि वर एक वाक्य वाढलं, "खरेपणा पुण्याला परत नेता येतो गं. ती पोरगी इथेच राहणार आहे." मी तिच्याशी भांडले. भांडताना ती चूक आहे असं मात्र मला म्हणता आलं नाही. आमटी फार चांगली होती, तेवढंच मी कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी चाकूरहून नांदेडची बस घेतली. अहमदपूर, लोहा करत बस रमतगमत जाते. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले. तिथे पंगतीत बसलं की कोण कुठला हे कुणी विचारत नाही, त्या दिवशी मला तेच हवं होतं. मुक्कामाला स्टेशनजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. सकाळी भोकर, हिमायतनगर मार्गे इस्लापूर. हिमायतनगरनंतर रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे देवाच्या भरवशावर, पण दोन्ही बाजूंना साग सुरू होतो आणि डोळे निवतात.

इस्लापूरच्या वर्गात मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "मी ज्या कामांबद्दल बोलणार आहे, त्यातलं एकही परमनंट नाही." निम्म्या वर्गाचे चेहरे तिथेच पडले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग शिकून काय फायदा?"

"इथे पाण्याची मोटार जळली की कुणाला बोलावता?"

"किनवटच्या मिस्तरीला. चार दिवस येत नाही तो."

"आणि मोटारी जळायच्या कधी थांबतील?"

"कधीच नाही!" अख्खा वर्ग ओरडला.

"म्हणजे मोटार परमनंट नाही, पण तिचं जळणं परमनंट आहे," ती मुलगी म्हणाली आणि हशा पिकला. निघताना ती जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही खरं सांगून राहिल्या मॅडम, पण भीती वाटते." मी म्हणाले, मलाही वाटते. ते अगदी मनापासून होतं.

जवळच सहस्रकुंड आहे. पैनगंगेचा हा धबधबा बघायचा तर पावसाळ्यात या. जानेवारीत काळ्या कातळावरून पाण्याच्या दोन-चार धारा उतरत होत्या. मी खडकावर बसले, आणि डोक्यात गौतमदादांची पिशवीत परत गेलेली ती मिठाई. एका शब्दावर मी सुजाताची वाट अडवली का? नीलिमाला फोन केला. ती म्हणाली, सुजाता शाळेत आली होती, कुणाशी बोलली नाही.

घरी येऊन आठवडा झाला. कपडे धुऊन झाले, नवऱ्याला सल्ले पुन्हा सुरू झाले. मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन.

"मॅडम, मी सुजाता. बाबा इचारायलेत, नांदेडच्या होस्टेलात पाणी किती दिसाला येतंय?"

दोन दिवस पाण्यावर बोलले होते मी त्या वर्गात. होस्टेलात ते किती दिवसांनी येतं, हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणाले, थांब, विचारून सांगते. संस्थेत फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, एक दिवसाआड, उन्हाळ्यात कधीकधी टँकर. क्षणभर वाटलं, रोज येतं म्हणून टाकावं. मग जसं होतं तसं सांगितलं.

पलीकडे कुजबुज झाली. मग गौतमदादांचाच आवाज आला. "एक दिसाआड? चांगलं हाय की. आमच्याकडं आठ दिसाला सोडतो मी. अजून काय सांगायचं राहिलंय का मॅडम? आत्ताच सांगा, मागून नको."

मी सगळं सांगितलं. सुरुवातीला पगार कमी. उन्हात काम. छतावर चढावं लागेल.

"चढाय काय, टाकीत पाणी किती हाय बघाया तीच चढती की. म्या तर आता गुडघ्यानं बेजार झालोय." मग म्हणाले, "धाडतो मी तिला. परीक्षा होऊ द्या."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दादा, तो पेढ्यांचा डबा अजून आहे का?"

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"पेढे काय टिकतेत व्हय मॅडम? त्याच दिशी खाऊन टाकले. आता नवे आणावे लागतील."