रुमालाखालचा भाव

“आमच्यागत बोलतंय का न्हाय ते सांग की आधी,” गुळाचे व्यापारी काका माझ्या भाचीवर ओरडत होते. हा माणूस मार्केट यार्डात शिंकला तर पन्हाळ्यावरची माकडं झाडं सोडून पळतात. हे मी कमी करून सांगतोय.

भाचीनं मराठीत लिहून देणारं एआय बनवलं होतं. पुण्याच्या गुंतवणूकदारांनी “असली गल्लोगल्ली आहेत” म्हणून तिला वाटेला लावलं होतं. काकांनीही पैसे घातले नाहीत तर कंपनीला कुलूप लागणार होतं.

काका भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. गुळाच्या जुन्या सौद्यासारखा हातावर रुमाल टाकतात आणि खालून समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगतात. पैसे मागायला येणाऱ्या नव्या कंपन्यांच्या पोरांशीही त्यांचा हाच व्यवहार.

“माझी आई ह्यात पैसं घाल म्हणंल का? तिच्या बोलीत लिहायला लाव,” काका म्हणाले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

भाचीनं तेवढंच टाइप केलं. पडद्यावर उमटलं, “घुम्या, जेवलास न्हवं?”

काकांचा आवाज एकदम खाली आला. “ल्हानपणी मी बोलतच नव्हतो. ह्या नावानं फकस्त ती हाक मारायची.”

त्यांनी स्वतःच्या हातावर रुमाल टाकला. खाली त्यांची बोटं एकेक करून दबत होती. त्यांचा दुसरा हात आणि माझे, भाचीचे हात तर टेबलावर होते.

भाचीनं विचारलं, “काका, मग पैसे घालताय?”

“न्हाय,” ते रुमालाची घडी घालत म्हणाले. “आई नगं म्हणत्या.”